आजीचे दोन्ही हात

कोलशेत, ता. ९ जानेवारी १८८७

गोदाबाय,

हे पत्र धोंडीबा कोळी आणून देईल. तुला वाचता येत नाही, तेव्हा काळुराम भावजीच वाचणार, म्हणून आधी त्यांना सांगतो. भावजी, शेवटपर्यंत वाचा. तुमच्या पोराच्या बारशाला मी आलो तेव्हा, आजीच्या घरचा माणूस म्हणून, तुम्ही आणि तुमच्या भावाने मला अंगणात पाडून तुडवलंत. पुढचे दोन दात गेले. मी उलटून हात उचलला नाही, हे तुम्हाला आठवत असेल. अजून भाकरी बाजूच्या दाताने तोडतो. त्या दातांच्या बदल्यात एक कागद वाचलात तर तुमचं काही जाणार नाही.

बाय, आजी आता फार दिवसांची नाही. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेत, दम लागतो, भिंतीला टेकवून बसवावं लागतं. तोंड मात्र तसंच. काल मंजुळेने पेजेची वाटी पुढे केली तर म्हातारीने ती वाटी तिच्याच कपाळावर हाणली. माझ्या बायकोच्या कपाळाला टेंगूळ आलंय. वैद्य आणला, त्याला म्हणाली, तुझ्या चूर्णाने बरी झाले तर पहिला तुलाच बदडीन. तो बिचारा चपला हातात घेऊन निघाला. पण थोड्या थोड्या वेळाने दाराकडे बघते आणि विचारते, “गोदा आयली का?”

मी काय सांगू तिला? नऊ वर्षं मी तेच सांगतोय, येईल, येईल.

तुझी शपथ मी विसरलेलो नाही. तू उंबऱ्यावर उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोललीस, की जिने माझ्या बापसाला जिवंतपणी चिखलात गाडला, तिच्या घरचं पाणी मला विष. ठीक आहे. पाणी पिऊ नको. घरातही येऊ नको. अंगणात उभी राहा, तिला तोंड दाखव, हव्या तेवढ्या शिव्या घाल आणि परत जा. धोंडीबाची होडी आहे, ओहोटीला निघालीस तर भरतीला आपल्या घरी. एवढ्यात तुझी शपथ मोडत नाही.

मी भांडायला लिहीत नाही. मला माझ्यासाठी तुझ्याकडून काही नको.

तुझा भाऊ
नाथा


कोलशेत, ता. २१ जानेवारी १८८७

गोदाबाय,

धोंडीबाने सगळं सांगितलं. भावजींनी पत्र वाचलं, तू ऐकलंस, मग उठलीस आणि कागद चुलीत घातलास. वर निरोप दिलास, मेली की कळव.

शाब्बास. असा निरोप द्यायला तुला कोणी शिकवलं ते आठवतं का? तिनेच. सरळ तोंडावर मारायचं, मागून बोलायचं नाही, हे आपण दोघं तिच्याकडूनच शिकलो. फरक एवढाच की मला ते कधी जमलं नाही.

हे पत्रही चुलीत जाणार असेल तर जाऊ दे, पण ऐकून मग घाल. आईस गेली तेव्हा तू सात वर्षांची, मी चार. बापूस तुला खांद्यावर बसवून मिठागर दाखवायचा आणि मला पायाने बाजूला सारायचा. तुझा बापूस आणि माझा बापूस एकच माणूस होता यावर माझा कधी कधी विश्वास बसत नाही. एकदा तयार मिठाच्या वाफ्यात माझा पाय पडला, तर त्याने मला दंडाला धरून बांधावर आपटला. आजीने फावडं उचललं आणि आपल्या पोटच्या पोराच्या पाठीत असं घातलं की दांडा मोडला. मग मोडका दांडा त्याच्या हातात देऊन म्हणाली, नवा बसव, उद्या काम आहे. तू हसत होतीस. मीही रडता रडता हसलो.

आजोबा ताडी पिऊन तिला मारायचा, ते आपण पाहिलेलं नाही, पण तिनेच सांगितलंय. एके दिवशी तिने त्याच्या मनगटात दात रुतवले ते तो रडेपर्यंत सोडले नाहीत. त्यानंतर तो पिऊन आला की मुकाट ओट्यावर झोपायचा. ती हे सांगताना आपले दात दाखवायची. म्हणायची, “देवानं हे नुसतं खायला नाय दिलेलं.”

आणि तो मिठाच्या चौकीवरचा शिपाई? तू अकरा वर्षांची होतीस. पदराला मीठ बांधून नेतेस असा आळ घेऊन त्याने तुझा पदर ओढला, झडतीच्या नावाने अंगाला हात लावला. तू ओरडलीस. आजी तीन वाफे तुडवत आली. हातात मीठ ओढायचं लाकडी फावडं. पहिला घाव गुडघ्यावर, दुसरा तोंडावर. तो खाली पडला तरी ती थांबेना, चार बाप्ये लागले तिला मागे ओढायला. त्याचा जबडा वाकडा झाला, पाय कायमचा गेला. तिला दोरी लावून ठाण्याला नेली. दोन महिने आत होती. सुटल्यावर ठाण्याहून चालत आली, अंगभर खरूज, डोक्यात उवा, आणि अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, “माजी गोदा जेवली का?” तू दोन महिने धड जेवली नव्हतीस. तिने आपले हातपाय धुवायच्या आधी तुला मांडीवर घेऊन भरवलं. तांबड्या रात्या तांदळाचा भात आणि सुकटीचं कालवण. मी शेजारी बसून होतो, मला कोणी विचारलं नाही, पण मला वाईट वाटलं नाही.

भावजी, आता तुमच्या घरातलं सांगतो, खोटं असेल तर तिथेच थांबवा. गोदाच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तुमच्या आईसने तिच्या पोटरीला तापलेली पळी लावली. कोळ्यांच्या तोंडून ते कोलशेतला कळलं. आजी होडीने आली, कोणाशी बोलली नाही, सरळ चुलीपाशी गेली, जळतं लाकूड उचललं आणि तुमच्या आईसच्या तोंडासमोर धरलं. पुढचा डाग इथे, एवढंच म्हणाली. त्यानंतर तुमच्या घरात गोदाला डाग बसला का?

अशी बाई आहे ती. तिच्यावर राग धरायचा तर धर, पण ती कोण आहे ते विसरून राग धरू नको.

ती अजून दाराकडे बघते.

नाथा


कोलशेत, ता. ३ फेब्रुवारी १८८७

गोदाबाय,

या वेळी पत्र चुलीत गेलं नाही हे ऐकून बरं वाटलं. तू म्हणे धोंडीबाला एवढंच म्हणालीस, “हे सगळं खरं. आणि बापूस?”

विचारलंस म्हणून लिहितो. तू तिथे नव्हतीस, तू दुसऱ्या दिवशी आलीस, तेव्हा बापसाला ओट्यावर ठेवलेला आणि तू त्याच्या तोंडातला चिखल बोटाने काढत होतीस. आधीचं तू लोकांच्या तोंडून ऐकलंस.

नारळी पुनवेचं उधाण होतं, भर दुपार. खाडीचं पाणी बांधावर आलं आणि उत्तरेच्या बाजूला बांध फुटून खांड पडली. आधी दोन हात रुंद, बघता बघता दहा हात. आत नुकताच लावलेला भात. खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन वर्षं त्या जमिनीत काही उगवत नाही, आणि आपल्या गावाला दुसरी जमीन नाही. शिंग वाजलं, सगळा गाव बांधावर. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. एक माणूस पाण्यात उतरतो, खुंटांना बांबूच्या तट्ट्या लावून पाठीने धरून ठेवतो, आणि बाकीचे रांगेने चिखलाचे ढेपे टाकतात. एकाच्या हाकेवर सगळे हात चालतात. दोन हाका झाल्या की रांग फिसकटते आणि बांध गेलाच. आजोबा गेल्यापासून ती हाक आजीची. बाईच्या हाकेवर चालणारा खाडीकाठचा तो एकच गाव असेल, पण तिच्या हाकेला कोणी कधी नाही म्हटलं नाही.

पाण्यात बापूस उतरला. तेवढा दांडगा दुसरा कोणी नव्हताच. तासाभरात आजीचा घसा बसला, नुसती हवा बाहेर पडायला लागली. तेव्हा तिने मला चिखलाच्या ढिगावर चढवला. ती खांडीच्या समोरच्या तोंडावरून हात दाखवायची आणि मी हाक द्यायचो. मग एक खुंट मोडला, तट्टी बापसाच्या अंगावर आली, तो कमरेपर्यंत चिखलात रुतला. आजीने हात वर केला. मी हाक दिली. खांड बुजली. एवढंच आहे, बाय. ओहोटी लागल्यावर त्याला खणून काढला.

तिने स्वतःच गावासमोर सांगितलं, हात मी वर केला, नाथाने फक्त हाक दिली. गावाने तिला वाळीत टाकली नाही, कारण बांध वाचला होता आणि त्या वर्षीचा भात सगळ्यांनी खाल्ला. पण तुझ्यासारखं कोणी तिला तोंडावर विचारलं नाही. तू माजघरात शिरलीस, कोपऱ्यातलं मुसळ उचललंस आणि विचारलंस, कुठल्या हाताने? तिने उजवा हात पुढे केला. उंबऱ्यावर टेकवून ठेवला. तू मारलंस आणि कोपराखाली हाड मोडलं, मला दारातून आवाज आला. ती ओरडली नाही. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, पण हात वाकडाच बसला. तो हात तिला पुन्हा डोक्याच्या वर नेता आला नाही.

त्या दिवसाबद्दल आणखी विचारू नको. आधी ये, तिला बघ, मग वाटलं तर विचार.

नाथा


कोलशेत, ता. १२ फेब्रुवारी १८८७

गोदा,

काल दुपारी आजी गेली.

परवा धोंडीबा तुझा निरोप घेऊन आला. ओट्यावरूनच त्याने तो मोठ्याने सांगितला, त्याला काय कळतं. ज्या हाताने माझ्या बापसावर चिखल टाकायला लावला तो हात आधी जळू दे, मग येते. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याच्या ओठातून रक्त आलं, टोपली उलटली, मासळी अंगणभर झाली. त्याचा काय दोष? पण मला दुसरं कोणी जवळ नव्हतं मारायला. नंतर मी त्याचे पाय धरले. तो भला माणूस, हे पत्रही घेऊन येतोय, त्याला पाणी तरी दे.

आजीने निरोप ऐकला होता. मी आत गेलो तर भिंतीला टेकून हसत होती. म्हणाली, “बरोबर बोलते. माजीच हाय ती.”

मला सहन झालं नाही. मी तिच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, आजी, आता तरी सांगू का गोदाला? दोन दिवस तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता, मान सावरत नव्हती. पण डावा हात माझ्या गळ्यावर आला आणि तिने नरडं आवळलं. खरोखर आवळलं, माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला. मंजुळा ओरडत धावली. आजीचं सगळं उरलेलं बळ त्यात गेलं असेल. मग हात सुटला आणि ती दाराकडे बघत राहिली. काल दुपारपर्यंत तशीच. डोळे मीच मिटले, दोन वेळा मिटावे लागले.

काय सांगायचं होतं ते इथे लिहीत नाही. भावजींनी हे वाचून काही तर्क करू नये.

हात जळला. तू म्हणाली होतीस, मग येते. विसाव्या तारखेला दहावा आहे. ये.

नाथा


कोलशेत, ता. १५ फेब्रुवारी १८८७

गोदाबाय,

भावजी, हे वाचायच्या आधी पोरांना बाहेर घाला. आणि वाचताना काही गाळू नका, तुमच्या बायकोला वाईट वाटेल म्हणूनही नाही.

बाय, त्या दिवशी आजीने हात वर केला, हे खरं. पण एक नाही, दोन्ही.

आपल्या बांधावर एक हात वर म्हणजे टाका, आणि दोन्ही हात वर म्हणजे थांबा. ही खूण तुला शेंबड्या वयापासून माहीत आहे. तिने दोन्ही हात वर केले होते. ती खांडीच्या त्या निसरड्या तोंडावर उभी राहून दोन्ही हात हलवत होती, उड्या मारत होती, तोंड उघडं होतं आणि आवाज निघत नव्हता. रांगेतल्यांच्या डोक्यावर ढेपे, माना खाली. तट्टीच्या पलीकडचं त्यांना दिसत नव्हतं. ढिगावर मी होतो. तिचे हात मला दिसत होते आणि बापसाचं तोंड मला दिसत होतं. मी म्हणालो, टाक. एकदा नाही, तीनदा म्हणालो. पहिल्या हाकेनंतर बापसाने वर बघितलं आणि “नाथा” म्हणाला. दुसरी हाक त्यानंतरची आहे.

आता सुरुवातीपासून सांगतो. उधाणाच्या आधी घरागणिक पाळी असते, बांधावर फिरून खेकड्यांची बिळं चिखलगवताने बुजवायची. त्या वेळी पाळी आपल्या घराची होती आणि बापसाने मला पाठवलं होतं. मी गेलो नाही. कोपरीला एका सोबत्याकडे ताडी प्यायला गेलो आणि घरी येऊन सांगितलं, बुजवली. खांड तिथेच पडली. बापसाला बिळं बघताच कळलं. पाणी आत येत होतं, सगळा गाव धावत होता, आणि तेवढ्यातही त्याने मला बांधावर पालथा पाडला आणि होडीच्या काथ्याच्या दोराने मारलं. गावातल्या पोरीबाळींसमोर. पाठीची सालं निघाली. मी बावीस वर्षांचा होतो. मग दोर टाकून तो पाण्यात उतरला आणि मी त्याच पाठीने ढिगावर चढलो.

बांध वाचवायला मी हाक दिली असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलोय. दहा श्वास हात थांबले असते तर पाणी जिंकलं असतं हे खरं आहे. माझी पाठ तेव्हा जळत होती हेही खरं आहे. त्यातलं किती कशासाठी होतं ते मला सांगता येत नाही. मला त्याचं तोंड दिसत होतं आणि मी टाक म्हणालो, एवढं मी देवासमोरही सांगेन.

ओहोटी लागल्यावर आजीने मला केसांना धरून मिठाच्या ढिगामागे ओढत नेलं. दगड घेऊन मारलं. माझ्या कानामागचा व्रण बघितलास तर तो तेव्हाचा आहे. दमेपर्यंत मारलं, मग धापा टाकत खाली बसली आणि बराच वेळ आपल्या पोरासाठी रडली, आवाज नव्हता तरी रडली. मग डोळे पुसून बसक्या घशाने कुजबुजत म्हणाली, हे कोणाला कळता कामा नये. हात मी वर केला, तू हाक दिलीस. मी म्हणालो, गोदा तुझा जीव घेईल. त्यावर ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. “माजा राग आला तं येऊं दे, मी किती दिवसांची? तुजा राग आला तं तिचं माहेर बुडलं. भाऊ हाय तं माहेर हाय.”

तुझ्यासाठी केलं तिने ते, बाय. माझ्यासाठी थोडं, तुझ्यासाठी जास्त. तिने हिशेब असा केला की तू चार दिवस तिला शिव्या घालशील आणि भावाकडे येत राहशील. तू तिच्यामुळे भावालाही टाकशील हे तिच्या डोक्यात आलंच नाही. नंतर कळलं तिला, पण तोवर हात मोडून झाला होता आणि ती शब्द फिरवणारी नव्हती. मला मात्र बायको मिळाली. बापसाला गाडणाऱ्याला मंजुळेच्या घरच्यांनी उंबऱ्यावर उभा केला नसता.

आणि मुसळ. तू विचारलंस, कुठल्या हाताने, तेव्हा मी दारात होतो. तुला माझी सावली दिसली असेल. मी तोंड उघडलं होतं. तिने तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मी मिटलं. मग तिने हात उंबऱ्यावर ठेवला आणि तू मारलंस. तुझा घाव माझ्या डोक्यात पडायचा तो तिच्या हातावर पडला, आणि मी जाऊन हाडवैद्याला बोलावून आणलं, जसं काही मी भला नातूच.

हे सांगून मी तिचा मोडलेला हात तुझ्या पदरात टाकतोय हे मला कळतं. तुला त्रास होईल म्हणून नऊ वर्षं गप्प बसलो असं लिहिलं तर तेही खोटं. मी माझी कातडी वाचवायला गप्प बसलो. तिने माझ्याकडून शपथ घेतली होती ती मला सोयीची होती. आज ती शपथ मोडतोय, कारण आळीतल्या बायका दहाव्याचं बोलताना म्हणाल्या, तुळसाबाय तशी कठोरच, स्वतःच्या पोराला नाही सोडलं. त्या तसं म्हणत होत्या आणि मी तिथे बसून मान डोलावली. घरी येऊन हा कागद घेतला.

तू ये किंवा येऊ नको. माझ्याशी बोलू नको. पण तिच्या नावाने एकदा रड.

नाथा


डोंबिवली, ता. १८ फेब्रुवारी १८८७

नाथा,

लिहिणारा मी काळुराम. ही सांगते तसंच लिहितो, माझं एक अक्षर घालत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरातली मडकी फोडली. पोरं घाबरून शेजारी पळाली. ह्या लिहिणाऱ्याने मला धरलं तर ह्यालाही चावले. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत ऐकलं.

तुला माफ केलं असं मी लिहायला सांगणार नाही. तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं, बारशाला ह्या दोघा भावांनी मारलं त्याहून जास्त. बापसाने तुला दोराने मारलं ते वाईट केलं. ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पण तो तुझं नाव घेऊन वर बघत होता, नाथा.

परवा दहाव्याला येते. गाव बांधावर जमव, त्याच जागी. तुझ्या तोंडाने सांगायचं, दोन्ही हात वर होते म्हणून. मंजुळेला त्याआधी घरात सांग, तिला चारचौघांत कळू देऊ नको, ती बिचारी दुसऱ्याच्या घरात आलेली पोर. तू बोलला नाहीस तर मी बोलेन. लोक तुला मारायला उठले तर मी मधे पडणार नाही. तुझं झालं की माझं मी सांगेन, की जिने मला भरवून मोठी केली तिचा हात मी मोडला, आणि ती तर थांबा म्हणत होती. गावाला माझं काय करायचं ते करू दे.

ही उठून अंगणात गेली आहे. थोड्या वेळाने पुढे सांगते म्हणाली.

आता ही पुढे सांगते ते लिहितो. एक गोष्ट मात्र परवापर्यंत मला धीर नाही, धोंडीबाच्या हातीच उलट कळव. मी तिचा उजवा हात मोडला. तू म्हणतोस तो पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही. तिचे केस कमरेच्या खाली होते आणि ती ते दुसऱ्या कोणाला विंचरू द्यायची नाही, मलाही नाही. नऊ वर्षं तिचे केस कोण विंचरत होतं?

गोदा